पेशंट आवडतात, ओपीडी नाही: ब्रँच निवडताना काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला एम.बी.बी.एस.ची इंटर्नशिप चालू आहे. नीट पीजीच्या (पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या) रँकवर रेडिओलॉजी, भूलशास्त्र, मेडिसिन आणि मानसोपचार या चारही ब्रँचच्या (विशेष शाखांच्या) सीट आवाक्यात दिसतात. पेशंटशी बोलायला आवडतं, पण एम.वाय.च्या (इथल्या सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या) ओपीडीतून बाहेर पडल्यावर कुणाशीच बोलावंसं वाटत नाही. घरचे म्हणतात, पेशंटच बघायचे नसतील तर डॉक्टर कशाला झालीस? अशा वेळी पेशंटशी येणाऱ्या संबंधाला निवडीत किती वजन द्यायचं?

वजनाचं नंतर बघू. आधी ओपीडीचा हिशोब मांडा. नऊ ते दोन म्हणजे ३०० मिनिटं. एका टेबलावर १२० परच्या (केसपेपर) आल्या तर एका पेशंटच्या वाट्याला अडीच मिनिटं येतात. त्यातलं मिनिटभर जुनी परची वाचण्यात आणि नवीन लिहिण्यात जातं. ६७ देशांतल्या प्राथमिक आरोग्यसेवेचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात एका पेशंटला मिळणारा सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं असा निघाला. दोन्हीकडे नाव एकच, काम निराळं. दीड मिनिटात डॉक्टर करतो ती छाननी: ताप किती दिवस, खोकल्यात रक्त आहे का, आधीच्या गोळ्या संपल्या का, पुढचा. इंटर्नशिपमध्ये तुम्ही जे केलंत त्यातलं बरंचसं हेच आहे. त्यावरून 'मला पेशंट झेपत नाहीत' हा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. 'मला पेशंट आवडतात' हाही तितकाच घाईचा.

म्हणून पहिलं काम हे की थकवा कशाचा आला ते वेगळं काढायचं. बहुतेक इंटर्न सगळ्याला मिळून एकच नाव देतात, पण कारणं निदान सहा असतात आणि त्यांतली काही पुढे आपोआप जातात, काही जन्मभर राहतात.

गर्दीचा थकवा जातो. खाजगी प्रॅक्टिसमध्ये किंवा कॉर्पोरेट रुग्णालयात कन्सल्टंट तासाला चार ते सहा पेशंट घेऊ शकतो, निदान वेळ द्यायचा की नाही हे त्याच्या हातात असतं. अटेंडरांच्या (पेशंटसोबतच्या नातेवाइकांच्या) भांडणाचा थकवा पुष्कळसा कमी होतो, कारण इंटर्नच्या हातात ना बेड असतो ना निर्णय, आणि शिव्या मात्र सगळ्यात आधी त्यालाच बसतात. रक्त काढणं, सॅम्पल लॅबपर्यंत पोचवणं, फिल्म शोधणं यांचा थकवा तर रेसिडेन्सीच्या (पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षापासूनच उतरतो. राहिली तीन कारणं, आणि ती न बदलणारी आहेत. एक, पुनरावृत्ती: तोच मधुमेह, तीच "गोड खात नाही हो डॉक्टर". दोन, अनिश्चितता: दुखतंय नक्की, पण सापडत काहीच नाही. तीन, दुःखाचा भार: रोज कुणाला तरी वाईट बातमी सांगणं. या तिन्हींपैकी कशाने तुम्ही थकता हे कळलं की निम्मा प्रश्न सुटतो. पुनरावृत्ती सोसत नसेल तर एंडोक्रायनॉलॉजी (मधुमेह, थायरॉइड अशा ग्रंथींच्या विकारांची शाखा) नको. अनिश्चितता सोसत नसेल तर जनरल मेडिसिन आणि मानसोपचार दोन्ही जड जातील. दुःख सोसत नसेल तर कॅन्सर, नवजात शिशू विभाग आणि आयसीयू यांच्या वाटेला जाताना दहादा विचार करा.

इथे एक गैरसमज बाजूला काढून ठेवतो. अबोल स्वभाव म्हणजे पेशंट नकोसे असणं नव्हे. अबोल माणसाला चाळीस मिनिटांची एकच मुलाखत सोपी जाते आणि दोन-दोन मिनिटांच्या वीस जड जातात. बोलक्याचं बरेचदा उलटं असतं. त्यामुळे 'मी कमी बोलते, मला पॅथॉलॉजीच बरी' असं म्हणणाऱ्या किती तरी जणी चांगल्या मानसोपचारतज्ज्ञ होऊ शकल्या असत्या, आणि 'मला गप्पा आवडतात' म्हणून मानसोपचार घेणाऱ्यांना तिथे गप्पा मारायच्या नसतात, ऐकायचं असतं, हे सहा महिन्यांनी कळतं.

आता संबंध मोजायचा कसा? जास्त-कमी या एका पट्टीवर तो मोजता येत नाही. एका भेटीला किती मिनिटं, तोच माणूस किती वेळा परत येतो, तो शुद्धीवर आहे का, बोलणं त्याच्याशी आहे की नातेवाइकांशी, आणि तो तुमचा पेशंट आहे की दुसऱ्या कुणी पाठवलेला, इतकं तरी विचारावं लागतं. आकडे घालून बघितलं तर चित्र पालटतं. मधुमेहाचा पेशंट वर्षातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं, वीस वर्षं येतो असं धरा: ८० भेटी, सगळ्या मिळून तेरा तासांच्या आसपास. रेडिएशनचा पेशंट सहा आठवड्यांत ३० सिटिंगला येतो, आठवड्यातून एकदा डॉक्टर त्याला नीट तपासतो, घशातल्या चट्ट्यांपासून वजन उतरण्यापर्यंत सगळं बघतो, आणि मग भेटी एकदम विरळ होतात. डायलिसिसचा पेशंट आठवड्यातून तीनदा, चार-चार तास युनिटमध्ये असतो. वर्षाला १५६ सिटिंग. नेफ्रॉलॉजिस्टला त्याच्या मुलीच्या लग्नाची तारीखही माहीत असते, किडनी प्रत्यारोपणाला घरात कोण नाही म्हणालं हेही. हर्नियाचा पेशंट सर्जनला ओपीडीत पंधरा मिनिटं, टेबलावर तासभर भुलेत, टाके बघायला एक-दोनदा भेटतो आणि नंतर दिसलाच तर लग्नकार्यात. यातलं कुठलंही श्रेष्ठ नाही. तुम्हाला कुठलं सोसतं आणि कुठल्यात रस वाटतो एवढाच प्रश्न आहे.

तुमच्या चार ब्रँचकडे येऊ. सगळ्यात जास्त गैरसमज रेडिओलॉजीबद्दल असतात, म्हणून तिथे थोडं थांबतो.

'अंधाऱ्या खोलीत बसून फिल्म वाचायच्या, पेशंट नाही' हे चित्र परदेशातून आलेलं आहे. तिकडे सोनोग्राफी बरेचदा तंत्रज्ञ करतो आणि डॉक्टर रिपोर्ट देतो. आपल्याकडे प्रोब डॉक्टरच्या हातात असतो. मध्यम आकाराच्या सेंटरमध्ये रोज तीसेक सोनोग्राफी म्हणजे तीस माणसांच्या पोटावर हात, तीस वेळा "श्वास घ्या, रोखून धरा", आणि तीस वेळा "काही निघालं का डॉक्टर?" एका पोटाच्या तपासणीला आठ-दहा मिनिटं लागतात. एम.वाय.च्या मेडिसिन ओपीडीत एका पेशंटला मिळतात त्यापेक्षा ही मिनिटं जास्तच आहेत.

त्यात गर्भवतीची तपासणी हे वेगळंच प्रकरण. १९९४च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीला फॉर्म एफ भरावा लागतो, मुलगा की मुलगी हे शब्दाने किंवा खुणेनेही सांगता येत नाही, आणि पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. फॉर्ममधली त्रुटीही अंगाशी येते, त्यामुळे कागद भरणं दुसऱ्यावर सोपवून डोळे झाकता येत नाहीत. एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांवर हे काम करता येतं. कायदा एकीकडे. दुसरीकडे, १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा हृदयात दोष दिसतो तेव्हा तो सगळ्यात आधी रेडिओलॉजिस्टला कळतो, आणि आई त्याच क्षणी त्याच्या चेहऱ्याकडे बघत असते. २०२१च्या दुरुस्तीनंतर ठरावीक गटांना २४ आठवड्यांपर्यंत आणि गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यानंतरही गर्भपाताची मुभा आहे. म्हणजे तिच्यापुढे काय वाटा आहेत हे माहीत असलेला पहिला माणूस तुम्ही असता, पण सल्ला देणार तिचे स्त्रीरोगतज्ज्ञ. किती बोलायचं आणि कुठे थांबायचं हे रोज ठरवावं लागतं. पेशंटशी संबंध नको म्हणून रेडिओलॉजी घेणाऱ्यांची फसगत इथे होते.

उलट बाजूही खरी आहे. सीटी-एमआरआयचं रिपोर्टिंग किंवा टेलिरेडिओलॉजी (दूरवरून फिल्म वाचणं) यांत संबंध जवळजवळ शून्यावर आणता येतो, घरी बसून रात्रीच्या पाळीत. आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत (स्कॅन बघत सुई-नळीने उपचार करण्यात) तो पुष्कळ वाढवता येतो: बायोप्सी, यकृतातल्या गाठीचे उपचार, व्हेरिकोज व्हेन्स, सगळं पेशंटला समजावून, संमती घेऊन, पुढे तपासत राहून. एका ब्रँचमध्ये दोन्ही टोकं मिळणं दुर्मिळ आहे, आणि रेडिओलॉजीच्या सीटची किंमत काही अंशी त्यामुळेही आहे. फक्त लक्षात ठेवा की रेसिडेन्सीची तीन वर्षं निवड तुमची नसते. सोनोग्राफीचा ढीग उपसल्याशिवाय सुटका नाही.

भूलशास्त्राबद्दल लोक म्हणतात, पेशंट झोपलेलाच असतो. खरं आहे, पण तो झोपण्याआधीची दहा मिनिटं फार दाट असतात. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत तोंड किती उघडतं, दात हलतात का, आधी कधी भूल दिली होती आणि काही झालं होतं का, रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी बंद केल्या, शेवटचं खाणं-पिणं केव्हा, हे सगळं काढून घ्यायचं असतं. नियम सोपा आहे: पाण्यासारखे पातळ पदार्थ दोन तास आधीपर्यंत, हलकं खाणं सहा तास, तळलेलं-तुपकट आठ तास. पण "सकाळपासून काही घेतलं नाही" म्हणणाऱ्या माणसाने दुधाचा चहा घेतलेला असतो, कारण चहाला तो खाणं धरतच नाही. म्हणून 'काही खाल्लं का' एवढं विचारून भागत नाही. 'चहा किती वाजता घेतला' असंच विचारावं लागतं. पोटात दूध असताना भूल दिली आणि ते उलटून फुफ्फुसात गेलं तर काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. भूलतज्ज्ञाचं बोलणं मोजकं असतं, पण त्यातल्या एका उत्तरावर जीव अवलंबून असतो.

पाठीत सुई देऊन केलेल्या सिझेरियनमध्ये तर बाई पूर्ण वेळ जागी असते. रक्तदाब उतरला की पहिली मळमळ होते, ती "डॉक्टर, कसंतरी होतंय" म्हणते आणि तिच्या उशाशी तुम्हीच असता. तिला काय चाललंय ते सांगत राहणं आणि त्याच वेळी औषध देणं हे कौशल्य आहे, आणि ते ज्यांना आवडतं त्यांना ही ब्रँच कोरडी वाटत नाही. कोरडं वाटतं ते दुसरंच: दुसऱ्या दिवशी पेशंट सर्जनचे पाय धरतो, भूलतज्ज्ञाचं नावही त्याला ठाऊक नसतं. इंदूरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारा भूलतज्ज्ञ सकाळी एका नर्सिंग होममध्ये, दुपारी दुसऱ्या टोकाला, असा फिरतो, आणि कित्येकदा पेशंटला पहिल्यांदा टेबलावरच बघतो. ही पद्धत धोक्याची आहे, आणि तुम्ही ही ब्रँच घेतलीत तर आदल्या दिवशीच्या तपासणीचा आग्रह पहिल्या महिन्यापासून धरा. नंतर सर्जन ऐकत नाहीत. कौतुकाची भूक असेल तर आधी स्वतःशी प्रामाणिकपणे बोला. नातं हवं असेल तर या ब्रँचमधून पुढे वेदनानिवारण, पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात त्रास कमी ठेवणारी शुश्रूषा) आणि क्रिटिकल केअर (आयसीयू) अशा तीन वाटा आहेत. आयसीयूत पेशंट बोलत नाही, पण नातेवाइकांशी रोज दोनदा बोलावं लागतं, आणि ते बोलणं मेडिसिनच्या ओपीडीपेक्षा कितीतरी अवघड असतं.

मेडिसिन तुम्हाला माहीत आहे म्हणून थोडक्यात. इथे संबंध लांब आणि विरळ असतो, आणि खरं सुख भेटींच्या साखळीत आहे. एकाच भेटीत रोग पकडल्याचं सुख पहिल्या दोन वर्षांत जास्त असतं, पुढे ते कमी होतं. एम.डी.नंतर डी.एम. (आणखी तीन वर्षांची अतिविशेष पदवी) करायचं असेल तर संबंधाचं स्वरूप पुन्हा बदलतं. गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टचा अर्धा दिवस एंडोस्कोपीत जातो, कार्डिऑलॉजिस्टचा कॅथलॅबमध्ये, एंडोक्रायनॉलॉजिस्टचा सगळा बोलण्यात. म्हणजे मेडिसिन घेणारा संबंधाचा निर्णय तीन वर्षं पुढे ढकलू शकतो. अनिश्चित मनाच्या माणसाला हा मोठा फायदा आहे, फक्त त्याची किंमत एकूण सहा वर्षं.

मानसोपचारात पहिली मुलाखत नीट घेतली तर ४५ मिनिटं ते एक तास लागतो. पुढच्या भेटी दहा मिनिटांच्या. लोकांना वाटतं रोजच्या रोज तासतासभर बोलणं असतं. प्रत्यक्षात सरकारी ओपीडीत इथेही रांग असते आणि दीर्घ समुपदेशन बरेचदा मानसशास्त्रज्ञाकडे जातं. या ब्रँचची अवघड जागा अशी की संबंध दुहेरी असतो. पेशंट एक सांगतो, आई-वडील दुसरं, आणि दोघांना वेगवेगळं ऐकावं लागतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने माणसाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा आणि माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. पेशंट स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसताना प्रतिनिधीच्या अर्जावरून होणारी भरती कलम ८९खाली ३० दिवसांपर्यंत, तातडीचे उपचार ७२ तासांपर्यंत. "डॉक्टर, तो काय म्हणाला ते आम्हाला सांगा, आम्ही आई-बाप आहोत" हे वाक्य आठवड्यातून अनेकदा ऐकायचं, आणि नातं न तोडता नकार द्यायचा. शिवाय आत्महत्येचा धोका असलेला पेशंट घरी पाठवल्यावर त्याचा विचार दवाखान्यात ठेवून घरी येता येत नाही. ज्यांना तो बाजूला ठेवणं जमतच नाही, त्यांनी या ब्रँचपासून लांब राहणंच बरं, मग ऐकण्याची हौस कितीही असो.

मानसोपचारात भाषेचा मुद्दा सगळ्यात टोकदार आहे. आपण घरी मराठी, कॉलेजात हिंदी-इंग्रजी बोलतो; पण एम.वाय.ला झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोनकडचा पेशंट येतो तो भिली, निमाडी, मालवी बोलत. पोटदुखीचा इतिहास तुटक्या हिंदीत निघतो. भीती, संशय, ऐकू येणारे आवाज यांचा निघत नाही. मध्ये दुभाषा म्हणून नवरा किंवा दीर बसला की बाई गप्पच होते. इंदूरच्या आसपासच प्रॅक्टिस करायची असेल तर मालवी कानाला सरावेल, निमाडी थोड्या प्रयत्नाने कळेल. बाहेरच्या राज्यात, जिथली भाषा येत नाही अशा ठिकाणी मानसोपचाराची सीट मिळत असेल तर तिची किंमत मनात थोडी कमी धरा. रेडिओलॉजीला हा फरक फारसा पडत नाही.

बाकीच्या ब्रँच झपाट्याने. त्वचारोग 'शांत' म्हणून घेतात, पण खाजगीत सर्वाधिक डोकी बहुधा इथेच मोजली जातात. भेटी लहान, आणि नायटा स्टेरॉइडच्या मलमाने बिघडवून आलेला माणूस तीच गोष्ट पुन्हा समजावून सांगायला लावतो. पॅथॉलॉजीत सुईने गाठीतलं पाणी-पेशी काढायचं काम आणि बरेच ठिकाणी बोनमॅरो पॅथॉलॉजिस्टच करतो, म्हणजे संबंध थोडा आहे, पण रिपोर्ट सांगायची जबाबदारी दुसऱ्याची. बालरोगात पेशंट एक आणि अटेंडर तीन, त्यात आजीचं मत शेवटचं. स्त्रीरोगात नऊ महिन्यांचा सलग संबंध, आणि रात्री दोनचा फोन त्याच संबंधाचा भाग. इमर्जन्सी मेडिसिनमध्ये ओळख होण्याआधी माणूस वर वॉर्डात जातो किंवा जात नाही. ज्यांना गोष्टीचा शेवट कळला नाही तर झोप लागत नाही त्यांना हे छळतं. पी.एस.एम.मध्ये (सामाजिक आरोग्यशास्त्रात) पेशंट म्हणजे गाव, आणि बैठका.

संबंधाची एक आर्थिक बाजू आहे, जी इंटर्नला कुणी सांगत नाही. मेडिसिन, मानसोपचार, स्त्रीरोग, बालरोग यांत पेशंट तुमच्या नावावर येतो. सुरुवातीची तीन-चार वर्षं कोरडी जातात, पण जमलेली प्रॅक्टिस तुमची असते. रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी, भूलशास्त्र यांत पेशंट दुसरा डॉक्टर पाठवतो. पैसा लवकर सुरू होतो, पण नातं सांभाळायचं असतं ते पाठवणाऱ्याशी, आणि तिथेच कमिशनची मागणी येते. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२च्या नियमांत असं देणं-घेणं निषिद्ध आहे. तरी बाजारात दबाव असतो हे कुणी नाकारणार नाही. म्हणून 'पेशंटची कटकट नको' म्हणून या ब्रँच घेणाऱ्याने कटकटीचा पत्ता फक्त बदललेला असतो. पगारी नोकरी हा त्यावरचा एक उपाय आहे, आणि इंदूरमध्ये मोठी खाजगी रुग्णालयं असल्यामुळे तो शक्यही आहे.

आता तपासायचं कसं. उरलेल्या इंटर्नशिपमध्ये एक छोटी वही ठेवा. रोज फक्त तीन पेशंटची नोंद: बोलायला किती मिनिटं लागली, बोलून झाल्यावर बरं वाटलं की वाईट, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं काय झालं हे आपणहून बघितलं का. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. महिनाभराने वही उघडा. कुणी न सांगता पुढचं बघायला गेला असाल तर सातत्य तुमच्या स्वभावात आहे, आणि ते मिळणार नाही अशा ब्रँचमध्ये काही तरी कायम राहून गेल्यासारखं वाटेल. फिल्मवर किंवा स्लाइडवर रोग सापडला एवढ्यानेच समाधान झालं आणि माणसाचं काय झालं याची आठवणही आली नाही, तर त्यात अपराधी वाटून घेऊ नका. निदानाची ब्रँच तुमच्यासाठी आहे. नाइट ड्यूटीनंतरच्या दिवसाच्या नोंदी मात्र काढून टाका, त्या दिवशी माणसाला स्वतःचा भाऊही नकोसा होतो.

जागा निवडून बघा. एम.वाय.शेजारी चाचा नेहरू बाल रुग्णालय आहे, एम.टी.एच.ला (तुकोजीराव रुग्णालयात) बाळंतपणं, बाणगंगेला मानसिक रुग्णालय. पोस्टिंग नसेल त्या विभागात दुपारी दोन तास नुसतं बसण्याची परवानगी मागितली तर सहसा मिळते. वैकल्पिक पोस्टिंगचे आठवडे 'हलके' म्हणून अभ्यासाला वापरले जातात. त्यांतला एक तरी आठवडा रेडिओलॉजीत काढा आणि सोनोग्राफीच्या खोलीत बसा, एमआरआयच्या नाही. भूलशास्त्राचं बघायचं तर ऑपरेशन थिएटरपेक्षा आधी शस्त्रक्रियापूर्व तपासणीच्या ओपीडीत जा.

आणि रेसिडेंटला बघून ब्रँच ठरवू नका. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट कुठल्याही ब्रँचमध्ये सारखाच दमलेला असतो. प्रॅक्टिसला दहा वर्षं झालेला, इंदूर-उज्जैन-देवास पट्ट्यातला, तुम्हाला जसं आयुष्य हवं तसं जगणारा एखादा कन्सल्टंट गाठा आणि 'ब्रँच कशी आहे' हे विचारू नका, कारण त्याचं उत्तर मूडवर ठरतं. विचारा: काल सकाळपासून रात्रीपर्यंत तास-तासाला काय केलंत? पाच वर्षांहून जुने पेशंट किती टक्के? रात्री नऊनंतर किती फोन, आणि व्हॉट्सॲपवर किती रिपोर्ट? गणपतीत दहा दिवस गावाला गेलात तर दवाखाना कोण बघतं? शेवटचं विचारायला बिचकू नका. लांब संबंधाच्या ब्रँचची खरी किंमत त्याच उत्तरात असते.

वजनाचा प्रश्न आता. गुण देऊन बेरीज करायच्या तक्त्यात (पगार इतके गुण, वेळ इतके, संबंध इतके) ही गोष्ट घालू नका. ती चाळणीसारखी वापरा. आधी फक्त संबंधाच्या स्वरूपावरून ज्या ब्रँच रोज सोसणार नाहीत त्या खोडा, आणि खोडताना न बदलणारीच कारणं धरा: पुनरावृत्ती, अनिश्चितता, दुःख, भाषा. गर्दी आणि भांडणं धरू नका. उरलेल्यांत संबंधाचा विचार सोडून द्या आणि बाकीच्या गोष्टींवर ठरवा: कामाची आवड, हाताचं कौशल्य, शहर, घरची परिस्थिती, डी.एम. करायची तयारी, पैसे. हे दोन टप्पे उलटे झाले की गडबड होते. आधी रँकमुळे रेडिओलॉजी 'घ्यायलाच हवी' असं ठरतं, आणि मग 'तसाही मला पेशंटचा कंटाळाच आहे' हे कारण मागाहून शोधलं जातं. सीट वाया घालवायची नाही म्हणून घेतलेल्या ब्रँच याच वाटेने येतात.

घरच्यांचं म्हणणं मनावर फार घेऊ नका. त्यांच्या डोळ्यांपुढचा डॉक्टर अजून इंदूरच्या रामबागेतला, बॅग घेऊन घरी येणारा आणि चहा घेऊन जाणारा आहे. तरीही त्यांच्या प्रश्नात एक तथ्य आहे ते सोडू नका: ओळखीचे, नात्यातले लोक तुम्हाला कुठल्याही ब्रँचमध्ये औषध विचारणारच, आणि एम.डी. पॅथॉलॉजी असलात तरी आत्याच्या गुडघ्याबद्दल मत द्यावंच लागेल.

तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून अंदाज सांगायचा तर: बोलायला आवडतं पण ओपीडीनंतर बधिर होता, हे गर्दीचं लक्षण वाटतं. तसं असेल तर मेडिसिन आणि मानसोपचार खोडण्याचं कारण नाही. वहीतल्या तिसऱ्या रकान्यात पुढचं बघितल्याच्या खुणा भरपूर असतील तर या दोन्ही ब्रँच रेडिओलॉजीच्या वर ठेवायला घाबरू नका, रँक चांगला असला तरी. खुणा नसतील तर रेडिओलॉजी, आणि सोनोग्राफीची खोली एक आठवडा बघून झाल्यावरच. भूलशास्त्र शेवटचं किंवा पहिलं, मधलं नाही: ज्यांना त्यातली ती दाट दहा मिनिटं आवडतात त्यांना फार आवडतात.

चॉइस भरताना एक काळजी. राज्य कोटा आणि अखिल भारतीय कोटा यांच्या याद्या स्वतंत्र भरायच्या असतात. दोन्हीकडे ब्रँचचा क्रम तोच ठेवा, कॉलेजचा क्रम बदलला तरी चालेल. घाईत लोक 'चांगल्या कॉलेजातली कुठलीही ब्रँच' वर टाकतात आणि पुढच्या फेरीत वर सरकताना नको असलेली ब्रँच गळ्यात पडते. तेव्हा सीट सोडायची तर दंडाचे नियम आडवे येतात. ते नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच वाचा, सीनियरच्या तोंडून नको. आणि जिल्हा रेसिडेन्सीचे तीन महिने आता कुठल्याही ब्रँचला चुकत नाहीत, पॅथॉलॉजीलाही नाही. धार किंवा खरगोनसारख्या जिल्हा रुग्णालयात त्या काळात पेशंट समोर येणारच आहेत, ते गृहीत धरूनच यादी लॉक करा.